पॅशन फ्रूटला सुरकुत्या पडल्या की टाकून द्यायचं का?

तिसरा_मजला | ४ ऑक्टोबर, रात्री १०.४०

नमस्कार. बरेच दिवस नुसती वाचत होते. आज पहिल्यांदा लिहितेय, कारण घरात थोडं वाजलंय.

आम्ही वारज्यात तिसऱ्या मजल्यावर राहतो, गच्ची फ्लॅटला लागूनच. दोन वर्षांपूर्वी श्रावणाच्या तोंडावर सासूबाईंना कृष्णकमळ हवं होतं म्हणून नर्सरीतून वेल आणली. नर्सरीवाला छातीठोकपणे म्हणाला, कृष्णकमळच आहे. फुलं आली ती पांढरी, आत जांभळी झालर. आईंचा हिरमोड झाला, पण वेल ग्रिलवर अशी पसरली होती की काढायचा जीव होईना. मग फळं धरली आणि शेजारच्या काकांनी सांगितलं, अहो, हे पॅशन फ्रूट.

यंदा गेल्या दहा दिवसांत साठेक फळं मिळाली. सकाळी गच्चीचं दार उघडलं की चार-पाच खाली पडलेली असतात. मी गुळगुळीत, चकचकीत बघून फ्रिजमध्ये ठेवली, तर चार दिवसांत त्यांना सुरकुत्या. काल मी ऑफिसात असताना आईंनी अशी चौदा फळं कंपोस्टच्या डब्यात टाकली. म्हणाल्या, "वाळून गेलं ते मेलं, पाहुण्यांच्या हातात काय द्यायचं!" आणि आज कामाच्या मावशींनी ओट्यावर राहिलेलं एक सुरकुतलेलं फळ कापून चाखलं आणि म्हणाल्या, "वहिनी, हेच गोड हाय की." आई तेव्हापासून गप्प आहेत.

तर नक्की पिकलेलं ओळखायचं कसं? चार हिरवी फळं मी तोडून तांदळाच्या डब्यात आंब्यासारखी घातली होती, ती पिकलीच नाहीत, आक्रसून बोराएवढी झाली. एवढी फळं टिकवायची कशी? आणि ह्यांना मधुमेह आहे, गोळी चालू आहे, तर त्यांना किती द्यायची? बिया चावून खायच्या की थुंकायच्या, यावरही आमच्याकडे दोन पक्ष आहेत.

---

उगाच_एक | ४ ऑक्टोबर, रात्री ११.१५

फ्रिजमध्ये मुळीच ठेवू नका, चव जाते. बाकी या वेलीच्या पानांचा काढा झोपेसाठी रामबाण, असं व्हॉट्सअ‍ॅपवर आलं होतं. करून बघा.

---

निवृत्त_कॅशियर | ५ ऑक्टोबर, सकाळी ६.२०

ताई, आधी त्या कंपोस्टच्या डब्यावर पहारा बसवा. गेलेली चौदा फळं बहुतेक सगळ्यांत चांगली होती.

मी बँकेत कॅशियर होतो. नोकरीतली अकरा वर्षं कोडगूत (म्हणजे कूर्गमध्ये) काढली, मडिकेरीला. आता साताऱ्यात असतो. तिकडे कॉफीच्या मळ्यांत सावलीसाठी सिल्व्हर ओक लावतात, त्यांच्यावर ही वेल चढलेली असायची, आणि गावातल्या दुकानांतून पॅशन फ्रूटच्या स्क्वॉशच्या बाटल्या रांगेनं मांडलेल्या. आमच्या घरमालकिणीच्या परसातही होती. ती बाई फळ कधी तोडत नसे. कोंबड्यांना दाणे टाकून झाले की खाली पडलेली फळं वेताच्या टोपलीत गोळा करायची आणि पायरीवर बसून एकेक तळहातावर झेलायची. जड ते उजवीकडे, हलकं ते डावीकडे. फळाकडे बघायचीसुद्धा नाही. डोळे माझ्यावर, कारण भाड्याची तारीख उलटून गेलेली असायची.

मला ते लगेच पटलं, कारण माझाही धंदा तोच. शंभर नोटांची गड्डी हातात घेतली की एखादी कमी असल्याचा संशय मोजण्याआधीच येतो. या फळाचंही तसंच. आकाराच्या मानानं जड लागलं की आत रस आहे. कानाशी नेऊन हलवलं की थोडं डुचमळल्यासारखं वाटतं.

आता सुरकुत्यांबद्दल. तुमचं फळ जांभळ्या जातीचं दिसतंय. पिकून वेलीवरून सुटलं की सालीतलं पाणी उडायला लागतं आणि साल आक्रसते. आतला गर मात्र पिशवीत असल्यासारखा शाबूत असतो. त्या चार-सहा दिवसांत आंबटपणा थोडा उतरतो, म्हणून तुमच्या मावशींना ते गोड लागलं. गुळगुळीत फळ खराब नसतं, फक्त आंबट असतं. पण सुरकुती-सुरकुतीत फरक आहे. भांडी घासून उठल्यावर बोटांची टोकं होतात ना, तशी उथळ सुरकुती आणि फळ जड, तर उत्तम. खोल खड्डे पडलेत, साल कडक झालीय आणि फळ पिंगपाँगच्या चेंडूसारखं हलकं, तर आतला गर वाळून सालीला चिकटलेला असणार. देठापाशी पांढरा कापूस दिसला किंवा ताडीसारखा आंबूस वास आला, की मग खुशाल आईंच्या डब्यात.

हिरव्या फळांचं. आंब्याची अढी इथे चालत नाही. रंग पालटायला लागलेलं फळ तोडलं तर ते घरात पिकतं, पण पूर्ण हिरवं तोडलं तर नुसतं सुकतं. फुलापासून पिकायला अडीच महिने लागतात, आणि वेल ते फळ स्वतःच टाकते. तुमचं काम फक्त उचलायचं. गच्चीवर ग्रिलखाली जुनी चादर झोळीसारखी बांधा, म्हणजे आपटून फुटणार नाहीत. रोज सकाळी उचला. दोन दिवस ओल्या फरशीवर राहिलं की बुरशी धरतेच.

टिकवणं. न धुता ठेवा, खायच्या वेळी धुवा. ओलं ठेवलं की देठाकडून बिघाड सुरू होतो. गुळगुळीत फळं बाहेर टोपलीत, पंख्याच्या वाऱ्यापासून लांब, तीन-चार दिवस. उथळ सुरकुत्या पडल्या की फ्रिजमध्ये. वर उगाच_एक म्हणतात ते अर्धं खरं आहे. या फळाला ७ ते १० अंश मानवतं. घरचा फ्रिज बहुतेक ४ अंशांवर असतो, त्यात फार दिवस राहिलं तर सालीवर तांबूस डाग पडतात, वास मरतो आणि बुरशी लवकर येते. म्हणून वरच्या थंड कप्प्यात नको, खाली भाजीच्या ट्रेमध्ये ठेवा, आणि उघडं नको. फ्रिजची हवा कोरडी, तिनंच तुमची फळं चार दिवसांत आक्रसली. प्लॅस्टिकच्या पिशवीला सुरीनं चार-पाच भोकं पाडा आणि तिच्यात ठेवा. आठ-दहा दिवस निवांत.

पण साठ फळं म्हणजे फ्रिजचं काम नव्हे, फ्रीजरचं. सरासरी ४० ग्रॅमचं फळ धरलं तर गर किलोच्या आसपास निघेल, बाकी सगळं साल. वरून टोपी कापा, चमच्यानं गर काचेच्या किंवा स्टीलच्या भांड्यात काढा. पितळ आणि अ‍ॅल्युमिनियम नको, आम्ल फार आहे. बर्फाच्या ट्रेमध्ये भरून गोठवा, मग चौकोन झिपच्या पिशवीत, वर तारीख. बियांसकट ठेवलं तरी चालतं. सहा महिने माझ्याकडे राहिलेत. बायको म्हणते आठ, पण तो हिशेब तिचा.

रस हवा असेल तर मिक्सर काढू नका. बिया फुटल्या की काळे ठिपके आणि कडवटपणा उतरतो. पातेल्यात गर घ्या, दोन चमचे साखर टाका आणि रवीनं ताकासारखं घुसळा. बियांभोवतीची पिशवी सुटते. मग पुरणाच्या चाळणीतून गाळा. आणि रस उकळू नका! मी पहिल्या वर्षी उकळला होता. घरभर सुवास सुटला, म्हणजे भांड्यात काही उरला नाही. वर खळीसारखा दाट झाला, कारण या रसात स्टार्च बरंच असतं. साखरेचा पाक वेगळा करा, पूर्ण थंड होऊ द्या, मग त्यात रस घाला.

शेवटी काढ्याबद्दल, आणि हे चेष्टेवारी नाही. झोपेसाठी परदेशात जी वनस्पती वापरतात ती याच कुळातली पण वेगळी जात. आपल्या फळाच्या वेलीच्या पानांत आणि कच्च्या फळांत सायनाइड सुटेल अशी द्रव्यं असतात. पिकलेल्या गरात ती नगण्य. पानं उकळून पिऊ नका.

सासूबाईंना सांगा, कृष्णकमळ अगदीच चुकलं नाही. दोन्ही एकाच कुळातली, पॅसिफ्लोरा. आपण फुलात शंभर कौरव, पाच पांडव मोजतो. दक्षिण अमेरिकेत स्पॅनिश मिशनऱ्यांनी तसलंच फूल पाहिलं, तर त्यांना झालरीत काट्यांचा मुकुट दिसला, पाच पुंकेसरांत ख्रिस्ताच्या पाच जखमा आणि वरच्या तीन स्त्रीकेसरांत तीन खिळे. 'पॅशन' ते, यातनांचं. आमच्या शाखेत एका साहेबांना हे समजेपर्यंत ते स्क्वॉशची बाटली बायकोसमोर उघडत नसत.

---

आकडे_आणि_ताट | ५ ऑक्टोबर, दुपारी १.०५

मी आहारतज्ज्ञ आहे, नाशिकला. कॅशियरकाकांनी बाकी सगळं सांगितलंय, मी ताटापुरतं बोलते.

१०० ग्रॅम गरात साधारण ९७ कॅलरी, २३ ग्रॅम कर्बोदकं आणि त्यातले १० ग्रॅम तंतू म्हणजे फायबर. फळांमध्ये हा आकडा मोठा आहे, आणि तो जवळजवळ सगळा बियांत आणि त्यांना चिकटलेल्या गरात असतो. गाळलात की गेला. म्हणून थुंकणाऱ्या पक्षाला सांगा, बिया खायच्या. फार चावायच्या नाहीत, दोनदा कुरकुर करून गिळायच्या.

तुमच्या मिस्टरांचं. एका फळात जेमतेम १६ ते १८ ग्रॅम गर निघतो. चार फळं खाल्ली तर ७० ग्रॅमच्या आसपास, म्हणजे साखर साधारण ८ ग्रॅम आणि तंतू ७. नाश्त्यानंतर किंवा जेवणासोबत तीन-चार फळं चमच्यानं खायला माझी हरकत नसते, मात्र त्या दिवशीचं दुसरं फळ कमी करायचं आणि दोन तासांनी ग्लुकोमीटरवर एकदा बघायचं. गाळलेलं सरबत वेगळं. तंतू गाळणीत राहिले आणि ग्लासात वरून तीन चमचे साखर पडली, मग ते फळ कसलं? त्यांच्यासाठी सरबत नको.

व्हिटॅमिन सी १०० ग्रॅमला ३० मिलिग्रॅम. चांगलं आहे, पण पेरूत याच्या सातपट असतं, तेव्हा 'सुपरफूड' वगैरे वाचून महागडं विकत आणायची गरज नाही. तुमच्या गच्चीवर पडतंय म्हणून खा. पोटॅशियम ३४८ मिलिग्रॅम, केळ्याच्या तोडीचं. किडनीच्या त्रासामुळे ज्यांना पोटॅशियम मोजून खायला सांगितलंय त्यांनी डॉक्टरांना विचारूनच खावं. रबराच्या हातमोज्यांची, म्हणजे लेटेक्सची अ‍ॅलर्जी असेल तर काही जणांना हे फळही बाधतं. घरात कोणाला केळं किंवा किवी खाऊन तोंडाला खाज सुटत असेल तर आधी अर्धा चमचाच द्या.

---

बांधावरचो | ५ ऑक्टोबर, संध्याकाळी ७.३०

कुडाळहून. कॅशियरसाहेबांचं सगळं जांभळ्याला लागू. आमच्याकडे पिवळं होतं, त्याचं गणित निराळं. पिवळ्याच्या सुरकुत्यांची वाट बघू नका. हिरव्याचं पिवळं झालं आणि खाली पडलं की तयार. आंबट म्हणजे किती, तर आमच्या आवशीनं एकदा सोलकढीत कोकमाऐवजी घातलं आणि कोणाला कळलं नाही.

पण मुळात फळं मिळायलाच मला दोन वर्षं लागली. एका नर्सरीतून एकच रोप आणलं होतं. ही फुलं! शंभर-शंभर. फळ एक नाही. खत घातलं, राख घातली, नारळ फोडला. नंतर कळलं की पिवळ्याला स्वतःचा पराग चालत नाही, शेजारी वेगळी वेल लागते. रोप विकणाऱ्यानं एवढं तरी सांगायला नको? दुसरी लावली, तरी भुंगे हवेतच. मोठे काळे, लाकूड पोखरणारे. मधमाशी फुलाच्या मानानं लहान पडते, ती पराग घेऊन जाते पण वरच्या टोकाला लावत नाही. म्हणून आता पडवीतल्या जुन्या वाशाला भुंग्यांनी पाडलेली भोकं मी बुजवत नाही. बायको ओरडते. पिवळ्याची फुलं दुपारी बाराच्या सुमारास उघडतात आणि रात्री मिटतात, तेव्हा भुंगे नसतील तर दुपारी बोटानं पराग लावा. जांभळ्याला हे काही लागत नाही, एका वेलीवर भागतं. तिसऱ्या मजल्यावर साठ फळं आली ती त्यामुळेच.

---

पश्चिम_सिडनी | ६ ऑक्टोबर, पहाटे ४.५०

इथे पॅशन फ्रूट नगावर मिळतं, आणि मी नेहमी सुरकुतलेल्यांच्याच ढिगात हात घालते. मागच्या अंगणात वेल असलेली घरंही पुष्कळ. इथली माणसं ते पाव्हलोवावर घालतात. अंड्याच्या पांढऱ्याचा भाजलेला गोड डोंगर असतो, त्यावर मलई आणि वर हा आंबट गर. तो गोडवा कापायला दुसरं काही चालणार नाही.

त्यावरूनच मला श्रीखंड सुचलं. पहिल्यांदा आम्रखंडासारखं चक्क्यात फेटलं आणि फसले. गर पातळ, श्रीखंड पळीवाढं झालं. आता चक्का नेहमीपेक्षा दोन तास जास्त टांगते, साखर घालून फेटते, आणि वाटीत वाढल्यावर वरून एक-एक चमचा गर बियांसकट. ढवळायचं नाही. दाताखाली बी फुटते तेव्हा चारोळीची आठवण येते. वेलची घालू नका, दोघांची भांडणं होतात.

---

तिसरा_मजला | ६ ऑक्टोबर, रात्री ९.५५

सगळ्यांचे मनापासून आभार. कालच झोळी बांधली. आज सकाळी सात फळं झोळीत, एकही फुटलं नाही. रवीची युक्ती तर कमाल आहे, रस अगदी आमरसाच्या रंगाचा निघाला. ह्यांनी चार फळं खाल्ली. दोन तासांनी आकडा नेहमीच्यापेक्षा फारसा हलला नाही.

आईंना तुमचे सगळे प्रतिसाद वाचून दाखवले. कौरव-पांडवांपाशी थांबवून म्हणाल्या, "मग फूल देवाला चालतं की नाही, ते विचार त्यांना."

---

निवृत्त_कॅशियर | ७ ऑक्टोबर, सकाळी ६.१०

न चालायला काय झालं. फक्त सकाळीच वाहा. जांभळ्याची फुलं दुपारपर्यंत मिटायला लागतात. आणि हे लक्षात असू द्या की वाहिलेल्या प्रत्येक फुलामागे एक फळ कमी होतं. देव आणि मुलगा यांच्यात काय ते वाटून घ्या.

---

तिसरा_मजला | २ नोव्हेंबर, सकाळी ८.३०

धागा वर काढतेय, कारण एक प्रश्न आहे आणि कॅशियरकाकांनाच विचारायला आईंनी सांगितलंय.

कंपोस्टचा तो डबा आज कुंड्यांत रिकामा करायला घेतला. वरच्या थरात, शेंगांची टरफलं आणि चहाच्या चोथ्यात, वीस-बावीस रोपं. बोटभर उंच, दोन गुबगुबीत पानं आणि मधून तिसरं नवं फुटलेलं. मला खात्री आहे की ही आईंनी टाकलेली चौदा फळं. आई म्हणतात, शक्य नाही. वेलीचं पान तीन बोटांचं आहे आणि या रोपांचं पान साधं, अखंड. म्हणजे हे भोपळ्या-काकडीसारखं काहीतरी असणार, उपटून टाक. मी डब्यावर झाकण ठेवून ऑफिसला चाललेय, तोपर्यंत उत्तर द्या.

---

निवृत्त_कॅशियर | २ नोव्हेंबर, सकाळी ८.४२

झाकण ठेवू नका, ऊन मिळू द्या! तीच आहेत. या वेलीची लहानपणची पानं अखंडच असतात, वाढली की मग त्यांना तीन बोटं फुटतात. नवीन फुटलेल्या पानाची कड हातानं चाचपून बघा, बारीक दाते लागतील. काकडीचं पान खरखरीत आणि लवदार असतं, हे गुळगुळीत आणि चकचकीत.

फक्त एक सांगून ठेवतो. नर्सरीतून आणलेली वेल पुष्कळदा संकरित असते. कोडगूतल्या चेट्टळ्ळीच्या फळसंशोधन केंद्रानं जांभळ्या-पिवळ्याच्या संकरातून काढलेली 'कावेरी' तर खूप जण लावतात. तसली असेल तर बियांची रोपं मूळ वेलीवर जातीलच असं नाही. फळ लहान येईल, आंबट येईल, कदाचित पिवळंही येईल. तसंच हवं असेल तर वेलीचं छाट कलम करा, दोन-तीन डोळ्यांचं.

त्यातली दोन रोपं साताऱ्याला पाठवणार का? माझी वेल यंदा सहाव्या वर्षाला लागली आणि दमलीय. पत्ता व्यक्तिगत निरोपात देतो.

---

तिसरा_मजला | २ नोव्हेंबर, रात्री १०.२०

दाते लागले. आईंनी चष्मा लावून स्वतः बघितलं, मग काही न बोलता माळ्यावरून दुधाच्या रिकाम्या पिशव्या काढल्या आणि संध्याकाळभर एकेक रोप त्यांत लावत बसल्या. सोसायटीतल्या सहा घरांना कबूल करून झालीत. तुमच्या दोन पिशव्यांवर त्यांनी पेनानं 'सातारा' लिहून ठेवलंय.